पंजा सैल सोड, भावा!

दोन चकचकीत गोळे. तळहातावर गोल गोल फिरणारे, आतून किणकिण वाजणारे. गिफ्ट शॉपच्या शोकेसमध्ये दिसणारी ही चिनी जोडी खरंच हाताला आराम देते का? दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी थोडं कौतुक, थोडं ट्रेनिंग आणि एक सीरियस इशारा!

कोल्हापुरात माणसाची पारख हातात हात दिल्यावर होते. शेकहँड करताना समोरच्याचा पंजा जरा ढिला लागला, की ‘काय रं, जेवला न्हाईस काय?’ अशी विचारपूस ठरलेली! त्यात नवल ते काय? हे गावच पंजाच्या ताकदीवर मोठं झालेलं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमींनी पिढ्यान् पिढ्या मल्ल घडवले. आणि इथल्याच राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकलं. पकड म्हणजे कोल्हापूर, हे समीकरणच आहे.

पण आपली पिढी कुठल्या आखाड्यात उतरते? सकाळी पंचिंग, समोर मॉनिटर, हातात माऊस. बँकेतली एंट्री असो, सीएच्या ऑफिसातली रिटर्न्सची धावपळ असो, राजारामपुरीतल्या सॉफ्टवेअर कंपनीचा प्रोजेक्ट असो, नाहीतर गोकुळ शिरगावच्या कारखान्यातलं डिझाइन. आठ-नऊ तास बोटं चालूच. सुटल्यावर ट्रॅफिकमध्ये बाइकचा क्लच दाबायचा. घरी पोचलो, की आहेच मोबाइल आणि त्यावर धावणारा अंगठा! दिवसभरात हात एकदाही पूर्णपणे सैल सुटत नाही.

पकड भक्कम असणं वेगळं आणि ती सोडता येणं वेगळं. पहिली गोष्ट आपल्या मातीतच आहे. दुसरी शिकवायला हे चिनी गोळे मस्त मास्तर आहेत. फक्त मास्तरलाच डॉक्टर समजायचं नाही, एवढं पथ्य!

बाओडिंगची जोडी

बीजिंगच्या नैऋत्येला साधारण दीडशे किलोमीटरवर, हेबेई प्रांतात बाओडिंग नावाचं जुनं शहर आहे. कोल्हापूर म्हटलं की आपण कसं चप्पल, गूळ आणि तांबडा-पांढरा असं एका दमात सांगतो? तसंच बाओडिंगचं. तिथली तीन रत्नं ठरलेली: लोखंडी गोळे, आंबवलेल्या पिठाचा सॉस आणि एका पालेभाजीचं लोणचं. खाण्याच्या दोन वस्तूंच्या बरोबरीनं हाताचे गोळे! म्हणूनच जगभर त्यांना ‘बाओडिंग बॉल्स’ म्हणतात.

परंपरेनं या गोळ्यांचा उगम मिंग राजवटीत, म्हणजे १३६८ ते १६४४ या काळात सांगितला जातो. सुरुवातीचे गोळे भरीव लोखंडाचे. पुढे ते पोकळ झाले आणि आत आवाज करणारी रचना बसवली गेली. जोडीतला एक गोळा बारीक आवाजात किणकिणतो, दुसरा जरा खर्जात. त्या दोन सुरांना ड्रॅगन आणि फिनिक्सची जोडी मानतात. बाहेरून कधी नुसता चकचकीत मुलामा, तर कधी धातूच्या बारीक तारांनी आखलेल्या नक्षीत रंगीत मीनाकाम.

लोखंड सगळ्यांनाच आवडतं असं नाही. उत्तर चीनमध्ये अक्रोड फिरवण्याचाही मोठा शौक आहे. खायचे नव्हेत हं! जाड कवचाचे, खोल सुरकुत्यांचे खास अक्रोड. आकारानं, वजनानं, नक्षीनं तंतोतंत जुळणारी जोडी शोधायची आणि वर्षानुवर्षं हातात खेळवायची. हाताच्या तेला-घामानं त्यांना लालसर तपकिरी झळाळी चढते. चांगल्या जोडीसाठी शौकीन भरपूर पैसे मोजतात. आपल्याकडे कुणी जुनी कोल्हापुरी चप्पल तेल लावून लावून जपतो ना, तसलाच हा जीव!

आणि हे सगळं आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. आजीला सागरगोट्यांबद्दल विचारा. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे टिपायचे आणि वरचा झेलायचा. बोटं आणि नजर यांची जुळणी म्हणजे आणखी काय असतं? गोट्या, भोवरा हीसुद्धा बोटांची शाळाच. मर्दानी खेळातली लाठी बघा. तिची खरी गंमत दंडात नसते, मोकळ्या फिरणाऱ्या मनगटात असते.

दिसतं सोपं, पण...

पहिल्यांदा गोळे हातात घेणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘हे काय, आत्ता फिरवतो!’ आणि पाच सेकंदांत एक गोळा टेबलाखाली. कारण हे ताकदीचं काम नाही. एका वेळी अंगठ्यानं ढकलायचं, करंगळीनं ओढायचं आणि मधल्या बोटांनी वाट करून द्यायची. एका बोटानं जरी आखडतं घेतलं, तरी गाडी अडली. मूठ आवळली की गोळे थांबतात, सैल सोडली की फिरतात. अख्खं तत्त्वज्ञान एवढंच!

ही करामत किती अवघड आहे, ते रोबोटवाल्यांना विचारा. २०१९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी माणसाच्या पंजासारखा यांत्रिक हात घेतला आणि त्याला दोन बाओडिंग गोळे फिरवायला शिकवलं. सुमारे चार तासांच्या प्रत्यक्ष सरावात त्या हाताला हे जमू लागलं, ही त्या वेळी मोठी बातमी होती. म्हणजे पहिल्या दिवशी तुमच्या हातून गोळा पडला, तर वाईट वाटून घेऊ नका. अत्याधुनिक हातसुद्धा धडपडतच शिकला!

मेंदूच्या अभ्यासकांनाही हा खेळ आवडतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी उजव्या हातात दोन गोळे फिरवायचा सराव केला, पण बघायचं आरशात. आरशातलं प्रतिबिंब डाव्या हातासारखं दिसतं. नंतर तपासलं, तर सराव न केलेल्या डाव्या हाताचंही कसब सुधारलेलं! थोडक्यात, गोळे फिरवताना घाम हाताचा निघत असला, तरी शिकत असतो मेंदू.

आराम येतो कुठून?

एक छोटा प्रयोग करा. डावा पंजा उजव्या हाताच्या कोपराखाली ठेवा आणि उजव्या हाताची बोटं टाइप केल्यासारखी हलवा. काय जाणवलं? हालचाल बोटांत, पण स्नायू फिरतोय कोपराखाली! आपल्या पंजात २७ हाडं आहेत, पण बोटांमध्ये त्यांना हलवणारा एकही स्नायू नाही. कळसूत्री बाहुलीसारखा सगळा खेळ. दोऱ्या बोटांना बांधलेल्या आणि त्या ओढणारे बरेचसे स्नायू वर, कोपर आणि मनगटाच्या मध्ये. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. म्हणूनच दिवसभर टायपिंग केल्यावर बोटांपेक्षा कोपराखालचा भाग जास्त भरून येतो.

टाइप करताना बोटं थोडीच हलतात; पण मनगट, कोपर आणि खांदा तासन् तास एकाच जागी धरून ठेवलेले असतात. खरा थकवा या ‘धरून ठेवण्या’चा. गोळे फिरवताना काय होतं? हात कीबोर्डवरून उठतो, तळवा वर होतो, बोटं वेगळ्या क्रमानं आणि मोठ्या फेऱ्यांत हलतात. नजर स्क्रीनवरून निघते. गार धातूचा स्पर्श, एकसारखी लय, किणकिण आवाज... आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात गुंतल्यामुळे मोबाइल उचलता येत नाही! पाच मिनिटं डोकं शांत व्हायला आणखी काय पाहिजे?

खोक्यातल्या माहितीपत्रकावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तळहातावर सगळ्या अवयवांचे पॉइंट असतात, गोळे फिरवले की बीपी उतरतं, पचन सुधारतं, स्मरणशक्ती वाढते, असे दावे तिथे छापलेले असतात. चिनी वैद्यकाच्या परंपरेत शरीरातल्या ऊर्जावाहिन्यांची कल्पना आहे, तिच्यातून हे दावे येतात. त्यांना ठोस शास्त्रीय आधार नाही. बोटांची जुळणी आणि हालचाल सुधारण्यासाठी काही फिजिओथेरपिस्ट असे गोळे वापरतात, ते वेगळं. त्यामुळे बीपीची गोळी सोडून हे गोळे धरायचे नाहीत. डील?

आणखी एक गंमत. ‘द केन म्युटिनी’ या १९५४ च्या हॉलिवूडपटात हम्फ्री बोगार्टनं रंगवलेला जहाजाचा कॅप्टन टेन्शन आलं, की पोलादी गोळ्या काढून हातात घोळवत बसतो. त्या फिरल्या की बघणाऱ्याला कळतं, साहेबांचा तोल सुटतोय! म्हणजे आराम गोळ्यात नसतो, फिरवण्याच्या पद्धतीत असतो. बॉस ओरडल्यावर दात-ओठ खात गोळे आवळलेत, तर ती रिलॅक्सेशन नव्हे, कुस्ती झाली.

असे फिरवा

१. खुर्चीत टेकून बसा. कोपर टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवा. खांदे खाली, मनगट सरळ. खाली टॉवेल किंवा फाइल ठेवा. काचेच्या टेबलावर प्रयोग नको!

२. पहिले दोन दिवस एकच गोळा. तळव्यावर गोल फिरवा, प्रत्येक बोटाखालून जाऊ द्या.

३. मग दोन्ही गोळे शेजारी-शेजारी ठेवा. अंगठ्यानं त्याच्या बाजूचा गोळा बोटांच्या दिशेनं ढकला. त्याच वेळी अनामिका आणि करंगळीनं दुसरा गोळा तळव्याच्या मुळाशी, अंगठ्याकडे ओढा. झाली अर्धी फेरी. आता जागा बदललेल्या गोळ्यांनी तेच पुन्हा.

४. जमलं की दिशा उलटी करा. ही जरा त्रास देते. नंतर दुसरा हात. उजवखोरांना डाव्या हातानं रडवलंच म्हणून समजा.

५. वेग वाढवू नका, आवाज कमी करा. गोळे एकमेकांना घासत फिरतात ती पहिली पायरी. एकमेकांना न लागता फिरले, की तुम्ही उस्ताद!

६. एका हाताला दोन-तीन मिनिटं पुरेत. दिवसातून तीन-चार वेळा करा, पण अर्धा तास सलग नको.

आणि एक जोडकाम. गोळे फिरवताना बोटं मुख्यतः आत वळतात, कीबोर्डवरही तेच. मग उघडायचं कधी? पाचही बोटांच्या टोकांभोवती एक साधा रबर बँड अडकवा आणि पंजा फुलासारखा उघडा. दहा वेळा. खर्च शून्य, स्टेशनरीच्या ड्रॉवरमध्ये माल तयार!

जोडी निवडताना

साइझ महत्त्वाचा. लहान हाताला ३५ ते ४० मिलिमीटर, मध्यम हाताला ४५ च्या आसपास, मोठ्या पंजाला ५०. सुरुवातीला लहानच घ्या. ‘आपला हात कोल्हापुरी, मोठेच द्या’ हा बाणा इथे चालत नाही.

उद्यमनगरात ओळख आहे म्हणून बेअरिंगचे भरीव गोळे आणायचा विचार आहे? आधी हिशेब करा. ५० मिलिमीटरचा एक भरीव पोलादी गोळा साधारण अर्धा किलोचा असतो. जोडी एक किलोची! आराम राहिला बाजूला, मनगटच बोंबलेल. आणि पायावर पडला तर प्लॅस्टर. सुरुवातीला पोकळ गोळेच बरे.

मुलामा उडालेला, पोपडे निघालेला गोळा वापरू नका. निकेलच्या स्पर्शानं काहींच्या त्वचेला खाज येते, त्यांनी लाकडी किंवा दगडी जोडी घ्यावी. वापरून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात घामट गोळा तसाच ड्रॉवरमध्ये टाकला, तर गंज आलाच म्हणून समजा. मीनाकामाचे गोळे दिसायला झकास, पण आपटले की टवका उडतो. शिकताना साधेच बरे.

ओपन ऑफिस असेल, तर शेजाऱ्याचाही विचार करा. तुमची किणकिण म्हणजे त्याची कटकट! तिथे लाकडी गोळे किंवा गोल्फचे दोन चेंडू उत्तम. गोल्फ बॉल सुमारे ४३ मिलिमीटरचा आणि वजनाला पन्नास ग्रॅमच्याही आत, म्हणजे नवशिक्यासाठी परफेक्ट. दिवाळीच्या ड्रायफ्रूट बॉक्समधले अक्रोडही चालतील, फक्त पातळ कवचाचे कागदी अक्रोड नकोत. फिरवता फिरवता खायची वेळ येईल.

इथे मात्र थांबा!

आता सीरियस मुद्दा. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, उठून हात झटकला की बरं वाटतं; अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते; हातातून कप निसटतो... असं होत असेल, तर गोळे खाली ठेवा आणि डॉक्टरकडे जा. हे कार्पल टनेल सिंड्रोम असू शकतं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मुख्य नस दाटीवाटीनं जातात. आत सूज आली, की नस दबते. गोळे फिरवून ती मोकळी होत नाही, उलट त्या नऊ दोऱ्यांची घासाघीस वाढते.

नेमकी चूक इथेच होते. ‘बसून बसून झालंय, थोडा व्यायाम केला की जाईल’ म्हणत आपण महिनोन् महिने ढकलतो. सुरुवातीला आलात, तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि कामाच्या पद्धतीत बदल एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. नस वर्षानुवर्षं दबलेली राहिली, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजतो, आणि मग ऑपरेशन करूनही गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. शर्टाचं बटण लावायला त्रास होणं, ही पस्तिशीत परवडणारी गोष्ट आहे का?

हा त्रास बायकांमध्ये जास्त दिसतो. डायबिटीस, थायरॉइडची कमतरता, प्रेग्नन्सी यांतही त्याची शक्यता वाढते. आणि सगळं खापर कॉम्प्युटरवर फोडता येत नाही. टायपिंगशी त्याचा संबंध संशोधनात तितका पक्का ठरलेला नाही. जोर लावून धरण्याची कामं आणि थरथरणारी अवजारं यांच्याशी तो जास्त पक्का आहे. म्हणजे तुम्ही एसीत बसून प्लॅनिंग करता, तेव्हा शिरोलीच्या फाउंड्रीत ग्राइंडरनं कास्टिंग घासणाऱ्या माणसाचा हात जास्त धोक्यात असतो. तुम्ही एचआर किंवा प्रॉडक्शनमध्ये असाल, तर एवढं नक्की लक्षात ठेवा. त्याच्या हाताच्या मुंग्यांचीही चौकशी करा.

आणखी दोन त्रास ओळखून ठेवा. अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतं, अंगठा हलवला की कळ येते, हा कंडरेच्या आवरणाचा त्रास. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना तो हमखास गाठतो. आणि बोट वाकवलं की अडकतं आणि ‘टक्’ करून सुटतं, ते ट्रिगर फिंगर. दोन्हींत अंगठा आणि बोटं पुन्हा पुन्हा वळवणं म्हणजे आगीत तेल. गोळे बंद! संधिवातानं सांधे सुजलेले असतील किंवा नुकतंच हाताचं फ्रॅक्चर झालेलं असेल, तरीही आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपिस्ट, आणि त्यांनी सांगितलं तरच गोळे. साधा नियम: फिरवताना थकवा चालेल, दुखणं चालणार नाही.

नवा कोल्हापुरी पंजा

ताकदीच्या या गावानं गेल्या काही वर्षांत वेगळ्याच हातांना सलाम ठोकला. २०१० मध्ये तेजस्विनी सावंत रायफल नेमबाजीत विश्वविजेती झाली. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये राही सरनोबतनं पिस्तुलात सोनं जिंकलं. २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मिळवलं. ते चिनी गोळे फिरवतात असं मुळीच म्हणायचं नाही! पण नेमबाजीचा पहिला धडा बघा. ट्रिगर दाबणारं बोट तेवढं हलायचं, बाकीचा पंजा शांत. पकड घट्ट आवळली, की नेम हलला. इथे बाजी मारतो तो नको तो जोर न लावणारा हात.

ऑफिसातलंही तसंच आहे. माऊस गळा दाबल्यासारखा धरायची गरज नसते. की हळू दाबली तरी अक्षर उमटतं. क्लच सिग्नलला सोडता येतो. दर तासाला दोन मिनिटं हात कीबोर्डवरून उचलायचे, एवढं जरी जमलं, तरी निम्मं काम झालं. गोळ्यांचा खरा उपयोग हाच. टेबलावर ते दिसले, की ‘हात सोड’ अशी आठवण होते.

सुरुवात आजच करायची आहे आणि गोळे नाहीत? किचनमधून सारख्या आकाराची दोन लिंबं उचला आणि फिरवून बघा. जमलं, तर गोळे आणायला मोकळे. नाही जमलं, तर मिसळीवर पिळायला लिंबू आहेच की!